नव्या घराचा सातबारा

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर आम्ही गोरेगावात घर घेतले. 'घेतले' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. माझ्या आजोबांनी घर बांधले. वडिलांनी त्याची कौले बदलली, पुढे पडवी काढली, मागे न्हाणीघर बांधले. मी मात्र बाजारातून एखादी तयार वस्तू आणावी तसे घर घेतले. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपण म्हणत आलो; पण मुंबईत माझ्यासारख्या मास्तराच्या वाट्याला बांधून पाहणे येत नाही. दुसऱ्याने बांधलेले, तिसऱ्याने वापरलेले आणि बँकेने पैसे दिलेले घर आपले म्हणायचे असते. ते आपले कसे होते, निदान आमचे कसे होऊ लागले, याविषयी आज बोलणार आहे. तुमच्यापैकी पुष्कळांची मुले, पुतणे, भाचे मुंबई-ठाण्याकडे असतील. त्यांनी घर घ्यावे म्हणून गावाकडचा एखादा तुकडा विकण्याची बोलणीही कुणाच्या घरात चालू असतील. त्यांनी हे जरा कान देऊन ऐकावे.

त्याआधी चौदा वर्षे आम्ही भाड्याने राहिलो. शहरात भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. तो संपत आला की मालकाचा फोन येतो, आणि फोन वाजला की घरातली सगळी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. चौदा वर्षांत सहा जागा झाल्या. दोन डोंबिवलीत, तीन कांदिवलीत, एक मालाडला. प्रत्येक वेळी एक टेम्पो सामानाचा आणि अर्धा टेम्पो पुस्तकांचा. पुस्तकांच्या पोत्याला हात घालताना हमाल हमखास विचारायचा, "सर, ही रद्दी इथंच देऊन टाकायची का?" मराठीत या अवस्थेला 'बिऱ्हाड' असा फार नेमका शब्द आहे. बिऱ्हाड करतात, हलवतात, मोडतात. बिऱ्हाड बांधतात असे मात्र कोणी म्हणत नाही. भाड्याच्या जागेत भिंतीला खिळा मारायचा तर मालकाला विचारावे लागे. त्यामुळे गोरेगावच्या घराची किल्ली हातात आली त्या संध्याकाळी मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर हातोडी घेऊन भिंतीत सहा खिळे ठोकले. टांगायला काहीच नव्हते. सौ. म्हणाली, "अहो, आधी दूध उतू घालायचं असतं!"

घर गोरेगाव पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. इमारत १९७४ सालची, तळमजला धरून चार मजल्यांची, एकूण सोळा बिऱ्हाडांची. पाहा, जीभ अजून 'बिऱ्हाड'च म्हणते. उद्वाहन नाही, म्हणजे लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. चटईक्षेत्र ३९२ चौरस फूट. आमच्या आधी तिथे एक निवृत्त जोडपे राहत होते. ते लेकीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी छताला लावलेल्या झोपाळ्याच्या कड्या तशाच ठेवल्या आणि "काढू नका हं, पक्क्या आहेत," असे सांगून गेले. विजेचे बिल त्यांच्याही आधीच्या मालकाच्या नावाने येत होते. तळमजल्यावर जिन्याशी एक लाकडी पाटी आहे, तिच्यावर सोळा नावे रंगवलेली. आमच्या खोलीपुढे जुन्याच गृहस्थांचे नाव. सेक्रेटरींना मी नाव बदलण्याविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, "सर, पेंटर एका नावासाठी येत नाही. आणखी दोन नावं बदलू देत, मग एकदम करू." म्हणजे आणखी दोघांनी घरे विकेपर्यंत किंवा, देव न करो, दुसरे काही होईपर्यंत मला पाटीवर जागा नव्हती.

आता आप्पांविषयी सांगतो. आप्पा म्हणजे माझे वडील. पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते. आमचे गाव चिपळूणच्या बाजूचे. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच असतात. या घरासाठी त्यांनी अठरा गुंठ्यांचा एक तुकडा विकला. त्यावर हापूसची सतरा कलमे होती, आणि त्यांतली बहुतेक त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेली. भावकीतल्याच एका चुलतभावाने तो घेतला, त्यामुळे तुकडा परक्याच्या हाती गेला नाही एवढेच समाधान. मी नको म्हटले होते. पण बँक सगळे पैसे देत नाही, काही वाटा पदरचा घालावा लागतो, आणि माझ्या पदरात तेवढे नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. खरेदीखत झाले त्या दिवशी आप्पा विशेष काही बोलले नाहीत. सही केली, चष्मा घरात घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चला, गाडी चुकेल."

वास्तुशांतीला ते आले आणि पावसाळा संपेपर्यंत राहतो म्हणाले. पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी पत्रिकेच्या पाठीमागे पेन्सिलीने गणित मांडले. "एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तुझी जागा ३९२. म्हणजे गुंठ्याचे शंभर भाग केले तर छत्तीस." मग बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. "अठरा गुंठे गेले आणि छत्तीस शतांश आला. तोही अधांतरी. खाली दोन मजले, वर एक." मी म्हटले, "आप्पा, अठरा गुंठ्यांत एवढंसुद्धा येत नाही. बाकीचे पैसे बँकेचे आहेत, वीस वर्षं फेडायचे आहेत." ते म्हणाले, "मग तर गणित आणखीच वाईट." आणि हसले. पण ते हसणे मला काही बरे वाटले नाही.

त्यांना तिथे करमेना. गावी सकाळी उठून पडवीत बसले की वाटेने जाणारा प्रत्येक माणूस दोन शब्द बोलून जातो. इथे दार उघडे ठेवले तर समोरचे दार बंद. मग ते जिन्याच्या मधल्या टप्प्यावर खुर्ची टाकून बसू लागले. येणारे-जाणारे अंग चोरून वर जात, आणि एक-दोघांनी माझ्या पत्नीला हळूच विचारले, "बाबांची तब्येत बरी आहे ना?" आमच्या इमारतीला पालिकेचे पाणी सकाळचे काही तास येते, ते टाकीत साठते आणि पंपाने वर चढते. हे समजावून सांगूनही आप्पा पाच वाजता उठून बादल्या, कळशी, पातेली, एवढेच काय पण माझ्या मुलीची पाण्याची बाटलीदेखील भरून ठेवीत. एके दिवशी मुलीने सांगितले, "आजोबा, नळ दुपारीही येतो." ते म्हणाले, "येतो गं. पण येतो कुठून?" तिला ठाऊक नव्हते. मग त्यांनी तिला तानसा आणि भातसा ही धरणे नकाशात दाखवली. दोन्ही शहापूर तालुक्यात. त्या तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरने पाणी जाते आणि धरणाचे पाणी मोठ्या नळांतून मुंबईला येते, हेही सांगितले. त्या दिवसापासून आमच्याकडे दात घासताना नळ बंद असतो.

पाण्यावरून गोरेगावचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. या उपनगरात पाण्याची फार टंचाई होती. मृणाल गोरे १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या, बायकांना बरोबर घेऊन पाण्यासाठी झगडल्या, आणि लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. पुढे त्याच बाईंनी आणि बाबुराव सामंतांसारख्या त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद उभी केली. शहरातल्या कमाल जमीनधारणेचा कायदा १९७६ चा. त्याखाली जादा ठरलेली जमीन साध्या माणसाच्या घरासाठी मिळावी म्हणून ते झगडले, आणि गोरेगाव पूर्वेला दिंडोशीच्या बाजूला हजारो कुटुंबांची वसाहत झाली. जमीन कोणाची आणि तिच्यावर घर कोणाचे, हा प्रश्न गोरेगावाला नवा नाही. पण हे मला तेव्हा सुचले नव्हते. सुचवले आप्पांनी.

जुलैत पाऊस लागला. बाहेर पडता येईना. त्यापूर्वी ते सकाळी बसने आरेच्या बाजूला फिरायला जात. शहरातले तबेले बाहेर काढून म्हशी एका जागी ठेवाव्यात म्हणून १९४९ साली ही वसाहत वसवली गेली. "गोठ्याचा वास आला, बरं वाटलं," असे ते आल्यावर सांगत. ते फिरणेही बंद पडले. तेव्हा वेळ जावा म्हणून म्हणाले, "तुझे घराचे कागद दे बघू." मी मोठ्या अभिमानाने फाईल दिली. नोंदणी केलेला करारनामा, दुय्यम निबंधकाच्या कचेरीतला सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे 'इंडेक्स टू' म्हणतात तो, मुद्रांक शुल्काची पावती, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, मागच्या दोन मालकांचे करार. त्यांनी ती फाईल दोन दिवस वाचली. ओळीखाली बोट धरून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कॉलेजातून आलो तो आप्पा खुशीत. "अरे, हे बघ काय लिहिलंय. मौजे पहाडी गोरेगाव, तालुका बोरिवली, जिल्हा मुंबई उपनगर. मौजे! म्हणजे हेही गावच आहे की!" खरोखरच ते गाव होते. १९५७ साली मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढवली तेव्हा गोरेगाव महापालिकेत आले. त्याआधी इथे ग्रामपंचायत होती. शेते गेली, पाखाड्या गेल्या, पण महसुलाच्या दप्तरात 'मौजे' टिकून आहे. २०२३ सालच्या जानेवारीत मेट्रोची गाडी या भागातून सुरू झाली तेव्हा एका स्थानकाला 'पहाडी गोरेगाव' हेच नाव मिळाले. रोज हजारो माणसे त्या नावाखालून जातात. गावाचे नाव वाचतो असे किती जणांच्या मनात येत असेल कोण जाणे.

"बरं," आप्पा म्हणाले, "आता सातबारा कुठाय?"

मी त्यांना समजावले, की शहरात सातबारा नसतो. इथे नगर भूमापन झालेले असते, म्हणून मिळकत पत्रिका असते, प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ते. "तेच ते. कुठाय?" मी फाईल चाळली. नव्हती. "हे सगळे कागद तुझ्या चार भिंतींचे," ते म्हणाले. "भिंती ज्या जमिनीवर उभ्या आहेत, तिचा कागद दाखव. अठरा गुंठे मी जमीन विकली. तिच्या जागी कुठंतरी जमीन आली पाहिजे की नको?"

श्रोतेहो, मी एम. ए. आहे, कॉलेजात शिकवतो, घर घेण्यापूर्वी वकिलाला दाखवले होते, बँकेच्या वकिलानेही कागद तपासले होते. पण हा प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता. मिळकत पत्रिका आता सरकारच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. नगर भूमापन क्रमांक घालून त्या रात्री आम्ही ती काढली. धारकाच्या रकान्यात सोसायटीचे नाव नव्हते. ज्याने इमारत बांधली त्याचेही नव्हते. पन्नास वर्षांपूर्वीच्या मूळ जमीनमालकाच्या घरातली चार नावे होती. आप्पांनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "म्हणजे इथं आपण कुळं का?"

अगदी तसे नाही. पण त्यांचे म्हणणे फार चुकीचेही नाही. हे थोडे नीट सांगतो, कारण गावातल्या माणसाला हे सहसा कोणी सांगत नाही. मुंबईत तुम्ही जुन्या सोसायटीत फ्लॅट घेता तेव्हा जमिनीचा तुकडा तुमच्या एकट्याच्या नावावर होत नाही. सगळ्या सभासदांची मिळून सहकारी संस्था असते. जमीन आणि इमारत त्या संस्थेच्या मालकीची व्हायची असते, आणि तुम्ही संस्थेचे भागधारक म्हणून आपल्या खोल्या उपभोगता. ही कल्पना चांगली आहे आणि जुनी आहे. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी अशी पहिली सहकारी गृहसंस्था काढली. श्रीपाद सुब्बराव तालमकी हे तिचे प्रमुख. एकट्याला जमीन झेपत नाही, तर दहा जणांनी मिळून घ्यावी, इतका तो सरळ विचार होता. पुढे बांधकाम करून फ्लॅट विकणारे बिल्डर आले. जमीन त्यांनी मूळ मालकाकडून घ्यायची, इमारत बांधायची, फ्लॅट विकायचे, आणि मग संस्था नोंदली गेली की जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची, असा क्रम. महाराष्ट्रात १९६३ साली यासाठी फ्लॅटच्या मालकीचा खास कायदा झाला. संस्था झाल्यावर चार महिन्यांत हे अभिहस्तांतरण करून द्यावे असा नियम आहे. अभिहस्तांतरण हा शब्द जड आहे. लोक 'कन्व्हेयन्स' म्हणतात. आमच्या वाडीतल्या भाषेत बोलायचे तर जमिनीचे खरेदीखत आणि फेरफार.

पुष्कळ ठिकाणी हे झालेच नाही. फ्लॅट विकून झाले, पैसे मिळाले, बिल्डर दुसऱ्या कामाला लागला, आणि राहायला आलेले लोक नोकरी-धंद्याला लागले. छत डोक्यावर आहे, नळाला पाणी आहे, भाग प्रमाणपत्र कपाटात आहे. जमिनीचा कागद नसल्याने रोजच्या जगण्यात काही अडत नाही. अडते ते इमारत म्हातारी झाल्यावर. ती पाडून नवी बांधायची वेळ आली की ज्याच्या नावावर जमीन तो पुढे येतो, त्याचे वारस पुढे येतात, आणि त्या जागेवर जे जादा बांधकाम होऊ शकते त्याचा हक्क कोणाचा यावरून कोर्टाची पायरी चढावी लागते. २००८ साली कायद्यात एक दुरुस्ती झाली. तिच्यामुळे बिल्डर किंवा जमीनमालक येत नसेल, सही करत नसेल, हयातही नसेल, तरी संस्थेला सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. उपनिबंधक दोन्ही बाजूंना नोटीस देऊन सुनावणी घेतात आणि कागद बरोबर असले तर एकतर्फी हस्तांतरणाचा दाखला देतात. त्याला 'मानीव अभिहस्तांतरण' म्हणतात. मग दस्ताची नोंदणी होते आणि शेवटी मिळकत पत्रिकेवर संस्थेचे नाव चढते.

गावकऱ्यांनी यावरून शहरातल्या शहाण्यांना हसू नये. गावठाणातल्या घराचा कागद तरी आपल्यातल्या किती जणांकडे आहे? ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा असतो, पण तो कर भरल्याचा. म्हणूनच २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले. आमच्या घराची मोजणी झाली त्या दिवशी आप्पा शेजाऱ्याशी बांधावरून भांडत होते, असे मला नंतर इतरांकडून कळले. त्यांना विचारले तर म्हणतात, "भांडत नव्हतो, हद्द दाखवत होतो."

सप्टेंबरात सोसायटीची वार्षिक सभा भरली. खाली गाड्या लावतात तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. विषय पुनर्विकासाचा. कोणी एक बांधकामवाला पत्रके वाटून गेला होता. प्रत्येकाला किती फूट जागा जास्त मिळणार, भाडे किती देणार, गाडीला जागा मिळणार का, यावर तासभर चर्चा चालली. मी ऐकत होतो आणि पोटात गोळा येत होता. नुकतेच कुठे खिळे ठोकले, आणि पुन्हा तीन वर्षांसाठी टेम्पो! शेवटी हात वर करून विचारले, "जमीन कोणाच्या नावावर आहे?"

सभा गप्प झाली. नवा माणूस पहिल्याच सभेत बोलतो, हे काहींना आवडले नाही, हे दिसतच होते. अध्यक्ष सेक्रेटरींकडे बघू लागले. सेक्रेटरी म्हणाले, "ते काम राहिलंय." मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मी सेक्रेटरी होतो तेव्हाही राहिलं होतं." सगळे हसले. आणि मग, मुंबईच्या सभांत नेहमी होते तसे, ज्याने प्रश्न विचारला त्याच्याच गळ्यात काम पडले.

अर्जासाठी प्रत्येक सभासदाच्या कराराची प्रत, त्याचा इंडेक्स टू, आणि सभासदांची पूर्ण यादी लागते. मी कॉलेज सांभाळून सोळा दारे वाजवणार कधी? मी हे घरी बोललो. आप्पांनी शेजारी ठेवलेली मुलीची रेघी वही उचलली आणि पहिल्या पानावर शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने आखले. अनुक्रमांक, खोली, मूळ खरेदीदार, सध्याचा मालक, कराराची तारीख, शेरा.

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. रोज दोन घरे, त्याहून जास्त नाही, कारण गुडघे. आधी निरोप पाठवायचा, मग जायचे. लोकांनी पहिल्यांदा दारातच उभे केले. पण पस्तीस वर्षे पटनोंदणीसाठी घरोघर फिरलेल्या मास्तराला दारात उभे राहण्याची सवय असते. तळमजल्यावरच्या आजींकडे १९७३ सालचा पाच रुपयांच्या मुद्रांक कागदावरचा मूळ करार निघाला. त्यांनी तो देवाच्या फडताळात, पोथ्यांखाली ठेवला होता. तिसऱ्या मजल्यावर कागद वाळवीने खाल्लेले. एका घरी दोन भावांचा वाद. करार एकाकडे आणि इंडेक्स दुसऱ्याकडे, बोलणे बंद. आप्पा तिथे चार वेळा जाऊन आले. पाचव्या वेळी दोघांनी आपापला कागद आप्पांच्या हातात दिला, एकमेकांच्या मात्र दिला नाही. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिले, 'मिळाले. बोलणे अद्याप नाही.'

ऑक्टोबर संपेपर्यंत सोळांपैकी चौदा घरांचे कागद जमले. उरलेल्या दोघांच्या प्रती नोंदणी कार्यालयातून काढाव्या लागणार होत्या, तिथे मी दोन रजा घातल्या. तिथल्या हेलपाट्यांविषयी बोलत नाही. ऐकणाऱ्यांनी आपापल्या तालुक्याचे हेलपाटे आठवावेत. पावसाळा कधीच सरला होता. आप्पांनी परत जायची गोष्ट काढली नाही आणि आम्हीही काढली नाही. जिन्याच्या टप्प्यावरची खुर्ची तशीच होती, पण आता वर जाणारा माणूस अंग चोरत नव्हता. थांबून विचारायचा, "मास्तर, आमचा कागद चालेल ना?" तळमजल्यावरच्या आजी दुपारी त्यांच्यासाठी ताक पाठवू लागल्या. समोरचे दार संध्याकाळचे उघडे राहू लागले. मला मात्र इमारतीत अजूनही कोणी नावाने ओळखत नाही. 'मास्तरांचा मुलगा' म्हणतात. एका विद्यार्थ्याने हे ऐकले तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखे झाले, पण ते असो.

डिसेंबरात बिल्डरच्या जुन्या पत्त्यावर नोटीस गेली. अपेक्षेप्रमाणे परत आली. मग अर्ज दाखल झाला. अर्जाचा निकाल सहा महिन्यांत द्यावा असे नियम सांगतो. तारखा चालू आहेत. मूळ मालकाच्या वारसांपैकी एक जण पहिल्या तारखेला आला होता. अगदी सभ्य गृहस्थ. त्याला आपल्या आजोबांच्या नावावर गोरेगावात जमीन आहे हेच नोटिशीवरून कळले होते. त्याने काही हरकत घेतली नाही, पण हरकत नाही असे लिहूनही दिले नाही. वकील म्हणतात, काळजीचे कारण नाही. आप्पा म्हणतात, पत्रिकेवर नाव चढेपर्यंत काळजीचे कारण असतेच. पुनर्विकासाचा विषय सभेने तोवर पुढे ढकलला आहे. झोपाळ्याच्या कड्यांना मी झोपाळा टांगला. तीन वर्षे लाभला तरी पुरे, असे सौ. म्हणते.

फाल्गुनात आप्पा गावी गेले. आता मोहोराचे दिवस, म्हणाले. मी म्हटले, "कलमं तर विकली." ते म्हणाले, "विकली म्हणून बघायला जायचं नाही, असं खरेदीखतात लिहिलेलं नाही." आठवड्यातून दोनदा त्यांचा फोन येतो. आधी नातीशी बोलतात, मग माझ्याशी, आणि पहिला प्रश्न, "तारखेला काय झालं?"

या मे महिन्यात एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. पार्सल पोचवणारा मुलगा होता. "सर, हा पत्ता कुठला? मी तीन गल्ल्या फिरलो." मी म्हटले, वाच. त्याने अडखळत वाचले, "मु. मौजे पहाडी गोरेगाव, तालुका बोरिवली, जिल्हा मुंबई उपनगर, नगर भूमापन क्रमांक..." इमारतीचे नाव अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होते. मी त्याला दारापर्यंत कसे यायचे ते सांगत होतो, एवढ्यात फोनमधून आमच्या पहारेकऱ्याचा आवाज आला. मुलगा आमच्याच फाटकाशी उभा होता. "अरे, मास्तरांची पेटी आहे ही. दुसरा मजला." पाटीवर अजून जुन्याच गृहस्थांचे नाव आहे, पेंटर आलेला नाही.

पेटीत चार डझन हापूस होते, पेंढ्यात नीट बसवलेले. वर आप्पांच्या अक्षरात चिठ्ठी, की त्या अठरा गुंठ्यांतली ही फळे आहेत, चुलतभावाने पैसे घेतले नाहीत, आणि दोन-दोन आंबे सोळाही घरी द्यावेत. खाली ताजा कलम होता. दोन भावांकडे वेगवेगळे जाऊ नये, एकाच ताटलीत चार आंबे एकदम न्यावेत.